हिराजीशेठच्या यकृताची पंचायत

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा मी रेवदंड्याच्या घरामागे दोरीवर बोंबील वाळत घालत होते. आडनाव केळकर असलं तरी दिवेआगरच्या वाडीत वाढलेल्या जिभेला कोण आवरणार? "तुमच्या नोकरीतले अनुभव लिहा, जरा प्रेरणादायी असू देत," संपादक म्हणाले. मी म्हटलं, "अहो, मी जन्मभर माणसांच्या यकृताचे तुकडे गोठवले. त्यातून कुणाला कसली प्रेरणा होणार?" मग म्हणाले, "चालेल, पण फराळाबरोबर वाचवेल असं बघा." बघते. हमी देत नाही.

पनवेलच्या बाजूला एका मोठ्या इस्पितळात संशोधन विभाग होता, तिथे मी तंत्रज्ञ होते. हे वाक्य इथे रेवदंड्यात कुणाला सांगून उपयोग नाही. अलिबागच्या फेऱ्या मारणारा रिक्षावाला सगळ्यांना सांगतो की बाई कोल्ड स्टोरेजला होत्या. समोरची कोळीण परवा म्हणाली, "बाय, माझा पापलेट तुज्यावानी टिकवायला शिकव की गो." आता हिला काय सांगू? म्हटलं, मासा जिवंत असताना आणशील तर शिकवते. ती रागावून निघून गेली.

पण बोलले ते खरंच होतं. यकृतात कॅन्सरची गाठ झाली आणि ती काढण्यासारखी असली, की सर्जन गाठीसकट यकृताचा तेवढा भाग कापून काढतात. निदानाला लागतं ते पॅथॉलॉजीवाले ठेवून घेतात. रुग्णाने संमती दिली असेल तर उरल्यातले नखाएवढे तुकडे आमच्या वाट्याला येतात. एक गाठीच्या पोटातला, एक काठावरचा आणि एक गाठीपासून लांबचा, चांगल्या दिसणाऱ्या यकृताचा. थिएटरच्या दाराशी मी द्रवरूप नायट्रोजनचं भांडं घेऊन उभी. तुकडा हातात पडला की बुडव. घाई अशासाठी, की आपण शरीराबाहेर आलो हे पेशीला बिचारीला कळतच नाही. तिची चूल चालूच असते. असेल ती साखर, असेल ती चरबी जाळत बसते, आणि तुम्ही दारात गप्पा मारत रेंगाळलात तर आधी काय शिजत होतं त्याचा मागमूस ठेवत नाही. गोठवली की चूल जशीच्या तशी थांबते. मग त्या तुकड्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे, काचेवर बसवायचे आणि यंत्रात घालायचे. यंत्र ठिपक्याठिपक्याने सांगतं, इथे साखर जळत होती, इथे चरबी, इथे उपासमार.

लोकांना वाटतं गाठ म्हणजे एकजात सगळी सारखी. छे! एक कोपरा साखरेवर तुटून पडलेला, दुसरा चरबीवर चाललेला, मधल्याला रक्तच पोचत नाही म्हणून तो मिळेल त्यावर दिवस काढतोय. एकाच घरात चार चुली आणि एकीचं दुसरीला माहीत नाही. आणि शेजारचं यकृत तरी कुठे नामानिराळं राहतं? गाठीला लागून असलेल्या पेशी हळूहळू आपलाही स्वयंपाक बदलतात. लांबच्या तुकड्याला आम्ही लॅबमध्ये 'शेजारी' म्हणायचो. गाठ मुळात उगवली कशी, याचा थोडाफार माग लागला तर त्या शेजाऱ्याकडेच लागतो.

हे सगळं मला शिकवलं आमच्या मॅडमनी. त्या विभागाच्या प्रमुख. बाई हुशार, मायाळू, पण शास्त्राबाहेर एक अक्षर बोलायच्या नाहीत. लग्नाला गेल्या तर "वधू आनंदी दिसतेय, पण एवढ्यावरून काही म्हणता येणार नाही" असं म्हणणारी बाई. त्यांच्या हाताखाली मी केस पांढरे केले.

गिऱ्हाइकं एकेक नग यायची. अलिबागच्या एका कापडवाल्याच्या बायकोने सगळं ऐकून घेतलं, कॅन्सरबद्दल एक प्रश्न विचारला नाही, आणि संमती देताना माझा हात धरून विचारलं, "बेन, ए फ्रीजमां ईंडा तो नथी राखता ने?" मी शपथेवर सांगितलं की अंडी ठेवत नाही. मग तिने नवऱ्याचं यकृत निर्धास्तपणे आमच्या हवाली केलं. दुसरे एक निवृत्त हेडमास्तर दर महिन्याला फोन करून "आमचा तुकडा काय म्हणतोय?" असं विचारायचे, जसा काही तो होस्टेलला ठेवलाय.

आणि एका पावसाळ्यात घाटात रस्ता खचला, आमचा नायट्रोजनचा टँकर अडकला. भांडी कोरडी पडायला आली. मी वेड्यासारखी फोन करत सुटले, आणि शेवटी नायट्रोजन मिळाला तो माणगावजवळ, गुरांच्या कृत्रिम रेतनासाठी वळूंचं वीर्य गोठवून ठेवतात त्यांच्याकडे. ते म्हणाले, नायट्रोजन सुटा देता येणार नाही, हवं तर तुमचा माल आमच्या टाकीत ठेवा. ठेवला. दोन दिवस पनवेल तालुक्यातली नामांकित यकृतं जर्सी वळूंच्या शेजारी सुखाने नांदली. परत आणताना तिथला माणूस काळजीने म्हणाला, "बाई, नळ्या नीट बघून घ्या हां. इकडची तिकडे झाली तर आमची गाय गाभण राहायची नाही." आमचं काय होईल याची त्याला फिकीर नव्हती.

पण हा लेख मला लिहायचा आहे तो हिराजीशेठसाठी.

हिराजी पाटील पेणच्या खाडीकाठच्या एका गावचे. बाप मिठागरात राबला, मुलाने डंपर घेतला, डंपरचे ट्रेलर झाले, पाटलाचा शेठ झाला. गावातल्या दारूबंदी समितीचे अध्यक्ष तेच. उभ्या आयुष्यात थेंब घेतलेला नाही. गुत्ते त्यांनी बंद पाडले होते, पण खरी त्यांची ख्याती होती ती कळशीमुळे. नियम त्यांनीच काढलेला. वर्षभरात जो कुणी पिताना सापडेल त्याने देवीच्या जत्रेत पंगतीला बसायचं नाही. देवळातली पितळी कळशी खांद्यावर घेऊन साऱ्या गावाला पाणी वाढायचं. मारहाण नाही, शिवीगाळ नाही, फक्त पाणी. पण त्या कळशीची अशी दहशत, की एरवी तिला कुणी हातसुद्धा लावत नसे. बायका नवऱ्यांना दम द्यायच्या, "कलशी घ्याची हाय काय यंदा?"

अशा माणसाला यकृताचा कॅन्सर झाला.

शस्त्रक्रिया नीट झाली. गाठ निघाली, आणि शेठच्या संमतीने तिचे तुकडे आमच्या नायट्रोजनमध्ये आले. आणि बरे होऊन चालायला लागल्यावर हिराजीशेठ एके सकाळी थेट आमच्या लॅबमध्ये हजर. हातात भलामोठा जिताडा. आमच्या रायगडात साहेबाकडे काम असलं की जिताडा न्यायची रीतच आहे. शेठनी मासा माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "बाय, तुमी आपल्याच साइडच्या ना? हा तेवढा फ्रीजरमदी ठेवा."

"शेठ, या फ्रीजरमध्ये मासे ठेवत नाहीत."

"मंग माजा लिव्हर कसा ठेवलाय?"

मी त्यांना खुर्ची दिली. बसले, आणि एवढा दांडगा माणूस, एकदम लहान तोंड करून म्हणाला, "बाय, गाव मना बेवडा बोलतंय."

झालं असं होतं. लिव्हर म्हटलं की गावाला बाटली दिसते. शेठचं लिव्हर कापलं, म्हणजे शेठ चोरून पीत होते. हे पसरवण्यात पुढाकार बाळारामचा. बाळाराम म्हणजे दर वर्षी न चुकता सापडणारा गडी, कळशी वाहून वाहून ज्याच्या खांद्याला घट्टा पडला होता. त्याने पंचांपुढे मागणी केली, की यंदा जत्रेला कळशी अध्यक्षांनी घ्यायची. नियम म्हणजे नियम. आणि पंचांना नाही म्हणायला तोंड नव्हतं, कारण ते तोंड हिराजीशेठनीच बंद करून ठेवलेलं.

"कॅन्सरचा मना कायच वाटला न्हाय बाय," ते म्हणाले, "पन ती कलशी मी घेतली तर माजा बाप मेला तितनं उठून बसल. मी प्यालो न्हाय येवढा लिवून द्या. शिक्का मारून द्या."

मी त्यांना मॅडमकडे नेलं. मॅडमनी शांतपणे समजावलं. गाठीवरून दारूचं काही कळणार नाही. शेजारच्या तुकड्यात चरबी खूप आहे, वण आहेत. पण अशी चरबी दारूनेही साठते आणि दारूशिवायही साठते, मधुमेहाने, वजनाने, गोडाने. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही जवळजवळ एकसारखंच दिसतं. त्यामुळे प्यायले नाहीत असं लिहिता येणार नाही.

"मंग प्यालो असा लिवाल?"

"तसंही लिहिता येणार नाही."

शेठनी भिंतीवरचे तक्ते बघितले, यंत्रं बघितली, माझ्याकडे बघितलं. "मंग तुमी इथं दिवसभर लिवता तरी काय?"

मॅडमनी पुन्हा चरबीपासून सुरुवात केली, आणि मला मॅडमचा असा राग आला म्हणून सांगू! तुमची ती लाखमोलाची यंत्रं, पापुद्रे, रंगीत नकाशे, आणि एका म्हाताऱ्याला एवढं साधं सांगता येत नाही? मॅडमचं चुकत नव्हतं हे मला कळत होतं. म्हणून तर जास्तच चिडले. माझ्या तोंडून निघून गेलं, "शेठ, आम्ही लिहून देत नाही. पण गावाला यायचं असेल तर येऊ दे. दाखवू त्यांना काय ते."

बोलायची पद्धत असते हो. कोण खरंच येतं?

आठवड्याभरात टेम्पो ट्रॅव्हलर भरून गाव आलं. पाच पंच, इस्त्रीचे पांढरे कपडे, गळ्यात सोनं, मागे हिराजीशेठ मान खाली घालून, आणि सगळ्यांच्या पुढे बाळाराम. सुरक्षारक्षकाने विचारलं, पेशंट कोण? बाळाराम म्हणाला, "पेशंट आत हाय. फ्रीजरमदी."

मॅडम घाबरतील असं मला वाटलं होतं. कसलं काय! आजवर त्यांच्या संशोधनाला एवढे श्रोते एकत्र कधी मिळाले नव्हते. त्या हरखून गेल्या. हिराजीशेठनी सगळ्यांसमोर परवानगी दिली, मॅडमनी खुर्च्या मांडायला लावल्या.

पण बाळारामला खुर्ची नको होती. "पैला मना तुकड्याचा वास द्या," तो म्हणाला. "इथं तुमच्या मशीनला कलत न्हाय, मना कलल. माजा जनमभराचा अनुभव हाय." पंचांनी माना डोलावल्या. या विषयात गावात त्याच्याइतका जाणकार दुसरा नव्हता हे खरंच.

तुकडा बाहेर काढून देणं शक्यच नव्हतं. मी नायट्रोजनच्या टाकीचं झाकण उघडलं. पांढरा धूर भसाभसा बाहेर आला, पंच मागे सरले, एकाने हात जोडले. मी बाळारामला लांबूनच हुंगायला सांगितलं. त्याने डोळे मिटले, नाक वर केलं, बराच वेळ तसाच. नायट्रोजनला कसलाही वास नसतो, हे मी सांगायला तोंड उघडलं तोवर त्याने निकाल दिलादेखील.

"वास कायच न्हाय."

हिराजीशेठच्या जिवात जीव आला.

"म्हंजे सराईत हाय," बाळाराम म्हणाला. "नवशिका आसता तर वास ठेवला आसता."

शेठ मट्कन खाली बसले. कपाळ माझं! मी बाळारामला असं काही सुनावणार होते की बस, पण तेवढ्यात मॅडमनी दिवे मालवले आणि पडद्यावर चित्र लावलं.

हिराजीशेठच्या यकृताचा काप. काठावरचा तुकडा होता, म्हणजे अर्धा गाठीचा, अर्धा शेजारचा. यंत्राला रंग कळत नाहीत, ते आकडे देतं. रंग आपण भरायचे असतात. ते काम माझ्याकडे. साखर जळत होती तिथे मी कोकमासारखा लाल दिला होता, चरबीला पिवळा, उपाशी भागाला निळा. मग सगळ्यांत म्हातारे पंच काठी टेकत पडद्यापाशी गेले आणि निळ्या पट्ट्यावर बोट ठेवून म्हणाले, "ही आपली खाडी."

"खाडी नाही हो," मॅडम म्हणाल्या, "तिथे रक्तपुरवठा..."

"आनी ही मिठागरा. हा गावठान. आनी हितं," काठावर काठी आपटत म्हातारे म्हणाले, "हितं बांध फुटलाय. खारा पानी शेतात घुसलाय बगा."

मॅडम उडाल्याच. त्यांना आयुष्यभर विद्यार्थ्यांना जे पटवता आलं नव्हतं ते म्हातारा एका वाक्यात बोलला होता. गाठ शेजाऱ्याच्या हद्दीत शिरतेय, आणि शिरायच्या आधीच शेजारची माती बदलायला लागलेय. "अगदी बरोबर! अगदी हेच!" असं त्या ओरडल्या. एवढं उत्तेजन मिळाल्यावर पंच थांबतात काय? दुसऱ्याने पिवळ्या पट्ट्याकडे बोट करून सांगितलं, की हा आमच्या खाडीकाठच्या खाजणाचा तुकडा आणि तो तिसऱ्या पंचाने दाबलाय. तिसरा म्हणाला, दाबलाय कसला, बापजाद्यांचा आहे. पाच मिनिटांत हिराजीशेठच्या यकृतावर गावच्या हद्दीचं भांडण पेटलं. एकाने मॅडमनाच विचारलं, "म्याडम, तुमच्या मशीनमदी ह्याचा निकाल लागल काय?"

"गप ऱ्हावा!" हिराजीशेठ ओरडले. "माजा लिव्हर हाय तो! तुमचा सातबारा न्हाय!"

तेवढ्यात मॅडमनी शेठना एक साधा प्रश्न विचारला. शेजारच्या भागात हा पिवळा फार आहे, चरबी फार आहे. तुम्ही गोड किती खाता?

"घरात शुगर धरल्यापास्नं चायपन बिनसाकरची," शेठ म्हणाले. "हलदीला पडतंय पोटात थोडासा."

तेव्हा बाळाराम हसला. असा हसला की त्याला खोकला आला. "थोडासा? आवो म्याडम, मीच वतत व्हतो ना!"

आणि मग जे बाहेर आलं ते ऐकून मला हसावं की रडावं कळेना. त्या भागात लग्नाआधीची हळद म्हणजे रात्रभराचा दणका. डीजे, मटण, आणि मांडवामागे पिंपं. दारूबंदी झाली, हळदी थोड्याच बंद झाल्या? लोकांनी तोड काढली. प्रत्येक हळदीला अध्यक्षांना आग्रहाने बोलवायचं आणि मांडवात पहिल्या रांगेत सोफ्यावर बसवायचं. अध्यक्ष बसलेत म्हणजे इथे दारू नाही, हे जगजाहीर. आणि अध्यक्षांसमोरचा ग्लास रिकामा दिसला तर नवऱ्याच्या बापाचा अपमान. म्हणून त्यांना नारिंगी कोल्ड्रिंक. मांडवामागे लोकांचे ग्लास भरले की मांडवात शेठचा भरायचा. नको म्हणावं तर मान मोडतो. लगीनसराईत एका रात्री एवढ्या हळदी, की शेठ या सोफ्यावरून त्या सोफ्यावर. वर्षानुवर्षं. आणि ग्लास भरायचं काम बाळारामकडे, कारण तो तसाही मांडवामागेच असायचा.

"आमी जेवडी प्यालो," बाळाराम म्हणाला, आणि आता तो हसत नव्हता, "तेवडाच शेठला पाजला."

तो पडद्यावरच्या पिवळ्या भागाकडे बघत राहिला. मग पंचांकडे वळून म्हणाला, "शेठ प्यालेला न्हाय. आमी पाजलाय."

"थांबा, मी असं म्हटलेलं नाही!" मॅडम म्हणाल्या. "कॅन्सरची कारणं अनेक असतात. एका चित्रावरून असा निष्कर्ष काढता येणार नाही..." पण ऐकतंय कोण? पंच उठले, त्यांनी शेठना मिठ्या मारल्या, म्हाताऱ्याने पडद्याला नमस्कार केला. शास्त्राने जे सांगितलं नव्हतं ते ऐकून गाव समाधानाने परत गेलं. मॅडम दिवसभर अस्वस्थ होत्या. गाव गाडीत चढत असताना त्यांनी शेठना बाजूला घेऊन एवढंच सांगितलं होतं, "गाठ काढली, पण तुमच्या पोटात उरलंय ते यकृत या शेजाऱ्याचंच आहे. त्याला आता जपा. गोड बंद म्हणजे बंद." शेठनी मान हलवली. मान हलवणारी माणसं मी पुष्कळ बघितली होती.

चैत्रात जत्रेचं आमंत्रण आलं. मॅडमना परिषद होती, मी गेले. खाडीवरचा वारा, देवळापुढे मांडव, पंगती बसलेल्या. मला पंचांच्या समोरच मानाचं पान. हिराजीशेठ पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, बाजूला बाळाराम, तोही पंगतीत! त्या वर्षी म्हणे कुणीच सापडला नाही. अध्यक्ष आजारी, धरणार कोण? सगळा गाव निर्दोष.

मटण-भाकरी वाढून झाली. तिखटजाळ. मी पाणी मागितलं, तर शेजारची बाई कसनुशी हसली. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं, की पाणी कुणाच्याच पानाजवळ नाही. जत्रेत पाणी कळशीतूनच वाढायचं आणि कळशी गुन्हेगाराने घ्यायची. यंदा गुन्हेगार नाही, म्हणून पाणी नाही. देवळाच्या पायरीवर ती पितळी कळशी भरून ठेवलेली, घासूनपुसून लखलखीत, आणि हजारभर माणसं तिच्याकडे न बघता तिखटाने नाकं पुसताहेत.

तेवढ्यात मोठे पंच उभे राहिले. म्हणाले, आपले अध्यक्ष निष्कलंक ठरले, गावाची मान वर झाली, आता त्यांचा मान करायचा. आणि मघाशी पानावरून उठून गेलेला बाळाराम मांडवामागून आला. हातात नारिंगी कोल्ड्रिंकची मोठी बाटली.

मला वाटलं होतं या माणसाला तरी कळलंय. त्याला कळलंही होतं. पण मान करायचा तर दुसरं काय देणार? दुसरी रीत त्या गावाला ठाऊकच नव्हती. त्याने शेठचा ग्लास काठोकाठ भरला. वाजंत्री वाजली. सगळे जेवायचं सोडून टाळ्या वाजवायला लागले. हिराजीशेठ त्या ग्लासाकडे बघत होते. मी त्यांचा चेहरा बघितला. लॅबमध्ये ज्या चेहऱ्याने 'गाव मना बेवडा बोलतंय' म्हणाले होते तोच चेहरा. नाही म्हणावं तर साऱ्या गावाने नुकतंच परत दिलेलं नाव त्याच गावाच्या तोंडावर फेकायचं, आणि घ्यावं तर ते पिवळ्या ठिपक्यांचं उरलेलं यकृत. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग हळूच ग्लास उचलला.

मी असल्या गोष्टींत धीराची बाई नाही. पण ज्याचे पापुद्रे मी माझ्या हातांनी काढले ते यकृत हे लोक माझ्या डोळ्यांदेखत बुडवायला निघाले होते, आणि तेही टाळ्या वाजवत! मी पानावरून उठले, पायरीपाशी गेले आणि कळशी उचलली.

वाजंत्री थांबली. पंगतच्या पंगत थिजली. भाकरीचा घास हातातच. कळशी जड होती, बाळारामच्या खांद्याला घट्टा का पडला ते तेव्हा कळलं. मी चालत हिराजीशेठपाशी आले. मागून एक म्हातारी स्पष्ट ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली, "आगो बाय, ही बामनीन पन?"

"व्हय," मी म्हटलं. "मी पन. ग्लास रिकामा करा, शेठ."

शेठ माझ्याकडे बघत राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते, माझेही. मग त्यांनी ते नारिंगी पाणी पानाशेजारी वाळूत ओतलं, अगदी शेवटच्या थेंबापर्यंत, आणि रिकामा ग्लास दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. मी तो काठोकाठ भरला. ते घटाघट प्यायले आणि पुन्हा ग्लास पुढे केला.

मी पुढच्या पानाकडे वळणार तोच बाळाराम उठून समोर आला. मला वाटलं आता टोमणा मारतो. त्याने काही न बोलता माझ्या हातातून कळशी घेतली, सवयीने खांद्यावर टाकली आणि म्हणाला, "बसा बाय. तुमाला जमनार न्हाय. पानी सांडताव."

आणि तो पंगतीला पाणी वाढत गेला, एक थेंब न सांडता.

हिराजीशेठ अजून ठणठणीत आहेत. अधूनमधून फोन करतात, शेजाऱ्याची खबर देतात. मॅडमना मी हे सगळं सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, पाण्यानेच फरक पडला असं खात्रीने म्हणता येणार नाही. माझं मात्र जे व्हायचं ते झालं. त्या गावची एक मुलगी इथे रेवदंड्याला दिली आहे. त्यामुळे आता अलिबागहून परतताना रिक्षावाला मला आरशातून नीट न्याहाळून घेतो आणि मऊ आवाजात विचारतो, "बाय, आज न्हाय ना घेतली? मंग खड्ड्यातनं जरा जोरात घेतंय."